डाव्या बाजूला बाई गाते

उजवा कान गेल्याचं मला कळलं ते केडगावातून हायवेला लागताना. फर्स्ट शिफ्टला निघालो होतो. खिशात फोन वाजला. बायकोचाच असणार, कारण डबा घरीच राहिला होता. गाडी कडेला घेऊन फोन उजव्या कानाला लावला तर पलीकडे कुणी नाही. चार वेळा हॅलो म्हटलं, नेटवर्कला एक शिवी घातली आणि कशाला कोण जाणे, फोन डाव्या कानाला नेला. तिथं सत्यशीला बोलतच होती. "अहो, ऐकताय ना," असं म्हणत होती, आणि आवाजावरून ते ती निदान तिसऱ्यांदा म्हणत असावी. फोन पुन्हा उजवीकडे नेला. पुन्हा कुणी नाही. लहान पोर दिव्याचं बटण खालीवर करत बसतं तसं मी रस्त्याच्या कडेला उभा राहून सहा-सात वेळा केलं, आणि दर वेळी उजवीकडची बायको नाहीशी होत होती. मळ साचला असेल, असं घरात एकमतानं ठरलं. आठ दिवस सत्यशीला लसूण घालून कडवलेलं तेल कोमट करून माझ्या कानात सोडत होती आणि मी डाव्या कुशीवर पडून, कानात तेल बुडबुडतंय म्हणजे गुण येतोय, असं समजत होतो. नवव्या दिवशी सावेडीतल्या डॉक्टरांनी मला काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि बाहेर आल्यावर पहिला प्रश्न विचारला, की तीन दिवसांत का नाही आलात. तीन दिवसांत आला असता तर औषधानं काही करता आलं असतं. आता ती नस संपली. तेलाचं सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, कंटाळ्यानं. मग कागदावरची डाव्या कानाची रेघ दाखवली. ती बरी चालत येत होती आणि शेवटी खाली घसरत होती. "सत्तावीस वर्षं फौंड्रीत ना? मग हाही जाणार. दोन वर्षं म्हणा, पाच म्हणा. जपा," ते म्हणाले. मी फी दिली आणि पायऱ्या उतरताना भिंतीला हात लावून उतरलो, कारण एका बाजूचा आवाज गेला की त्या बाजूची जमीनही जरा लांब वाटते.

माझं पोट कानावर चाललं, हे इथं सांगायला हवं. आमच्या फौंड्रीत कडबाकुट्टीची, म्हणजे गुरांची वैरण कापायच्या यंत्राची, बिडाची चाकं ओततात. ओतून थंड झालेलं चाक साखळीला टांगायचं, एकानं हातोडीनं टोला द्यायचा आणि दुसऱ्यानं ऐकायचं. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं आणि तो नाद निवांत विरत जातो. केसाएवढी चीर असली तरी नाद अर्ध्यात मरतो, शेपटाला जरा खरखरतो. ऐकणाऱ्यानं ठीक म्हटलं की तो स्वतःच्या नावाचा पंच चाकावर मारतो. टोला देणाऱ्याचं नाव कुठं येत नाही. हे काम मी इतकी वर्षं केलं, आणि डॉक्टरांचा कागद दाखवल्यावर साहेबांनी मला दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये नट-बोल्टांच्या खोक्यांमागे नेऊन बसवलं. ते चांगलंच वागले. मला मात्र तिथं बसून दिवसभर बाहेरच्या चाकांचे टोले एकाच बाजूनं ऐकू यायचे, आणि प्रत्येक टोल्याला माझी बोल्टांची मोजणी चुकायची. त्याचं कारण मला तेवीस वर्षं माहीत होतं. पण माहीत असणं आणि त्याच्याकडे बघणं यात बरंच अंतर ठेवता येतं. मी ते ठेवलं होतं.

निकिता, माझी मुलगी, फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला माझी दया आली असावी. एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती वायरीचे इअरफोन घेऊन आली आणि म्हणाली, "पप्पा, कान जपायचा म्हणजे त्याला काही चांगलं ऐकवायचं. तुम्हाला तरुणपणी कोणतं गाणं आवडायचं?" मी सांगणार होतो एखादं जुनं हिंदी गाणं, आणि तोंडातून इंग्रजी ओळ निघाली. मीच दचकलो. निकिता हसायला लागली, "तुम्ही, आणि रॉक?" पण तिनं ती ओळ फोनवर टाइप केली आणि दोन मिनिटांत पडदा माझ्यापुढे धरला. बँडचं नाव पेल मेकॅनिक्स. अल्बम, कोल्ड रूम्स. मुखपृष्ठावर पाणी नसलेला पोहण्याचा तलाव. निकिता वाचून दाखवत होती, की इंग्लंडातल्या कुठल्याशा बंदराच्या गावचे लोक होते, तेव्हा फारसं कुणी विकत घेतलं नाही, आता लोक याला क्लासिक म्हणतात. मला त्या कॅसेटचं नाव अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांनी कळत होतं. आमच्या कॅसेटवर कैफच्या अक्षरात फक्त 'इंग्लिश – नीट ऐक' एवढंच लिहिलेलं होतं.

कैफ माझा आयटीआयमधला मित्र. त्याच्या वडिलांचं, महमूदभाईंचं, नगरच्या झेंडीगेटजवळ रेडिओ-टेप दुरुस्तीचं आणि कॅसेटी भरून द्यायचं दुकान होतं. लोक वहीच्या पानावर गाण्यांची यादी आणायचे आणि कैफ ती भरून द्यायचा. एकदा कॅम्पातल्या कुठल्या लष्करी साहेबाचा डेक दुरुस्तीला आला आणि त्याच्या पोटात ही कॅसेट अडकलेली. कैफनं ती सोडवली, दुपारभर ऐकली, आणि डेक परत द्यायच्या आधी एक कॉपी मारून ठेवली. दुकानातल्या जोडडेकचं एका बाजूचं हेड मेलेलं होतं. त्यामुळे कॉपीत एकाच बाजूचं उतरलं, उजव्या बाजूचं. ते आम्हाला चाललं, कारण आमच्याकडे दुसरं नव्हतंच. दुकानाच्या मागच्या खोलीत, सोल्डरच्या वासात, आम्ही ती इतक्या वेळा ऐकली की महमूदभाई म्हणायचे, त्या गोऱ्याला आता एकदा जेवायला तरी बोलवा. गाणाऱ्याचा आवाज थर्ड शिफ्ट करून आलेल्या माणसाचा होता. त्याला काही पटवायचं नव्हतं कुणाला. खाली कोरडा ड्रम, आणि एक गिटार ताणलेल्या तारेवर बोट घासल्यासारखी. मला इंग्रजी निम्मं कळायचं. तरी घरी कुणाला सांगता न येणारं जे काही माझ्यात होतं, ते तिथं आधीच कुणीतरी बोलून ठेवलंय असं वाटायचं, आणि त्या वयात हे किती मोठं असतं ते पुन्हा त्या वयात गेल्याशिवाय सांगता येणार नाही. चौथं गाणं आमचं सर्वांत लाडकं. त्यात तो माणूस एकेक प्रश्न विचारतो. कप कुणी फोडला. फाटक कुणी उघडं टाकलं. तुझ्या आईला कुणी सांगितलं. आणि प्रत्येक प्रश्नानंतर गप्प होतो, चांगला सात-आठ ठोके, नुसता ड्रम चालू. त्या रिकाम्या जागेवर मी जीव टाकायचो. मी कैफला म्हणायचो, बघ, काय धाडस आहे, उत्तरच नाही ठेवलं. कैफ म्हणायचा, "अरे उत्तर हाय. मी ओरिजिनल ऐकलंय ना. त्या अंगाला एक बाई गाते." मी म्हणायचो, शक्यच नाही, ती जागा रिकामीच पाहिजे. ज्यानं मूळ कॅसेट ऐकली होती त्याच्याशी मी, न ऐकलेला, वाद घालत होतो. आणि वादात मी कधी हरायचो नाही, ही माझी खोडच होती. दोन-चार महिन्यांनी कैफच म्हणाला, "आसंल बाबा. मलाच काहीतरी भास झाला आसंल." तुझा कान माझ्यापेक्षा तयार आहे, असं तो मनापासून मानायचा. मलाही ते आवडायचं.

निकितानं इअरफोन माझ्या दोन्ही कानांत घातले आणि गाणं लावून उठून गेली. मला वाटलं पोरीनं भलतंच काही लावलं. यातलं काहीच माझ्या ओळखीचं नव्हतं. दुसरीच गिटार, जरा बेसूर, ओल्या आवाजाची. लांबून आल्यासारखे ड्रम. माणूस नव्हताच जवळजवळ, भिंतीपलीकडे बोलत असावा तेवढाच. मग मी डोळे उघडले, तारा उलट्या केल्या, उजव्या तारेचं बोंड डाव्या कानात घातलं, आणि झेंडीगेटची मागची खोली जशीच्या तशी उभी राहिली. सगळं जागेवर. पुन्हा बदललं. पुन्हा अनोळखी. म्हणजे माझ्या मेलेल्या कानात जुनी कॅसेट वाजत होती आणि जिवंत कानात आयुष्यात कधी न ऐकलेली बाजू. निकिता नंतर म्हणाली, फोनमध्ये सोय असते, दोन्ही बाजू एकाच कानात घेता येतात. मी नको म्हटलं. मला त्याची गरजच नव्हती. उजवी बाजू मला पाठ होती, प्रत्येक ठोका, प्रत्येक खोकला. ती डोक्यात आपोआप चालू झाली आणि डाव्या कानातून येणारी तिला येऊन मिळाली, आणि पहिल्यांदा ते गाणं पुरं झालं. किती सुंदर होतं ते, हे मला कुणालाही समजावता येणार नाही. बेसूर वाटलेली ती गिटार त्या ताणलेल्या गिटारीला धरून ठेवत होती, पडू देत नव्हती. मी खाटेवर बसून रडलो. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, समोर टीव्ही बंद, आत सत्यशीला भांडी लावत होती. मग चौथं गाणं आलं. कप कुणी फोडला, असं त्यानं माझ्या डोक्यात विचारलं, आणि डाव्या कानात अगदी जवळ, श्वास घेतलेलाही ऐकू यावा इतक्या जवळ, एक बाई म्हणाली, इट वॉज मी. फाटक कुणी उघडं टाकलं. इट वॉज मी. प्रत्येक रिकाम्या जागेत ती होती. ती रडत नव्हती, माफी मागत नव्हती. विचारलं की सांगत होती. मी बोंड काढून टाकलं.

कारण कैफ खोटं बोलत नव्हता. त्याला बरोबर ऐकू येत होतं, तेव्हाही आणि त्या दिवशीही. तो दिवस मला असा दिसतो: बाहेर टेम्पो भरत आलेला, अकरा चाकं राहिलेली, मी हातोडीवर आणि कैफ ऐकायला. आयटीआय संपवून आम्ही दोघं एकाच फौंड्रीत लागून चार वर्षं झाली होती. मला साडेतीनला सुटायचं होतं, राहुरीला मुलगी बघायला जायचं होतं. मी घरूनच नवा शर्ट घालून आलो होतो आणि वर जुना डगला चढवला होता. सातव्या चाकाला टोला दिला. कैफ म्हणाला, परत मार. मी मारला. परत. तिसऱ्यांदा मारला. तो म्हणाला, "शेपूट मरतंय गहिन्या. खरखर हाय." आणि मला ती खरखर ऐकू आली होती. पहिल्याच टोल्याला आली होती. ते चाक बाद म्हणजे त्या ओतीची सगळी चाकं पुन्हा टांगायची, म्हणजे सहा वाजणार, म्हणजे राहुरी गेली. मी म्हटलं, "तुझा कान चुकतोय. चांगलं वाजतंय. मार पंच." कैफनं एकदा चाकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मारला. त्याच्या नावाचा. पाच महिन्यांनी ते चाक काष्टीला एका गोठ्यात चालता चालता फुटलं. कुट्टी करणाऱ्या बाईचा, मुक्ताबाईचा, उजवा हात खांद्यापासून काढावा लागला. तुकड्यावर पंच सापडला. कैफला साहेबांनी बोलावलं तेव्हा मी स्टोअरपाशी उभा होतो, साहेबांचं दार उघडंच होतं. मला चुकीचं ऐकू आलं साहेब, असं तो म्हणाला. तो मला वाचवत नव्हता. त्याला तसंच वाटत होतं. त्याला काढलं. माझं लग्न ठरलं होतं. राहुरीची मुलगी म्हणजे सत्यशीला.

ते गाणं ऐकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी स्टोअरमधून अर्धी सुट्टी टाकून मी झेंडीगेटला गेलो. महमूदभाई वारले, दुकानात आता मोबाईल दुरुस्त होतात. कैफ डोळ्याला भिंग लावून एक फोन उघडून बसला होता. आम्ही बोलत नव्हतो असं नाही. रस्त्यात भेटलो की बोलायचो. मीच तो रस्ता टाळायचो. मान वर न करता तो म्हणाला, "ये गहिन्या. कानाचं कळलं. निकिता आल्ती काच बदलायला."

"कैफ, त्या कॅसेटमध्ये बाई गाते," मी म्हटलं.

त्याला क्षणभर कळलं नाही. मग त्यानं भिंग काढलं. मी फोन आणि इअरफोन पुढे केले. त्यानं दोन्ही बोंडं कानांत घातली आणि मी चौथं गाणं लावलं. मला काहीच ऐकू येत नव्हतं, मी त्याचा चेहरा बघत होतो. पहिल्या प्रश्नानंतर त्याच्या भुवया वर गेल्या. दुसऱ्यानंतर तो हसला, अगदी आयटीआयमधल्यासारखा.

"हीच ती," तो म्हणाला, कानात गाणं असल्यामुळे जरा मोठ्यानं. "मला वाटायचं माझ्याच डोक्यात हुती ही बाई. चाकाचं झाल्यापास्नं मी गानं ऐकायचंच सोडलं रं. सगळ्या कॅसेटी देऊन टाकल्या. म्हनलं, आपला कानच खोटा, त्याच्यावर कशाला इश्वास ठेवा."

मी हात पुढे करून त्याच्या एका कानातलं बोंड काढलं. "तुझा कान खोटा नव्हता. ती खरखर मला पण आली होती."

"कुठली?"

"चाकाची. तिन्ही टोल्यांना."

त्यानं दुसरं बोंड स्वतःच काढलं. तार बोटांभोवती गुंडाळली, नीट, गिऱ्हाइकाची वस्तू असल्यासारखी. "मुलगी बघायला जायचं हुतं तुला," तो म्हणाला. "नवा शर्ट हुता. चौकडीचा." मी हो म्हटलं. "मी दरसाल काष्टीला जातो. ईदच्या आदी बोकड बघायला बाजारात जातो, तवा तिच्या गोठ्यावर जातो. मावशी, माझ्या कानाची चूक झाली म्हनतो. ती काय बोलत न्हाई. तिचं काम करत ऱ्हाते. मी घटकाभर हुबा ऱ्हातो अन् येतो. तेवीस वर्सं." त्यानं तार माझ्यापुढे ठेवली. "तिला तू सांग. मी न्हाई सांगनार. अन् सांगून आल्याबिगर हितं येऊ नगं."

मी तिथून निघालो आणि गेलो नाही. लगेच गेलो असं लिहायला बरं वाटलं असतं. दीड महिना मी रोज दुपारी स्टोअरमध्ये खोक्यांमागे बसून डावी बाजू ऐकत राहिलो, आणि माझं मन मला सांगत होतं, की हेच प्रायश्चित्त चाललंय. इतका मी लबाड आहे. पुन्हा तपासायला गेलो तर डॉक्टरांनी नवी रेघ जुन्या रेघेवर धरली, ती आणखी खाली आली होती. घरी येऊन चौथं गाणं लावलं. बाई होती, पण उत्तराआधी ती जो श्वास घ्यायची तो आता ऐकू येत नव्हता. मी आवाज वाढवला. नव्हताच. त्या वेळी मला भीती वाटली ती बहिरा होण्याची नाही. मुक्ताबाई जे काही म्हणेल ते मला ऐकू येणार नाही, तिच्यापुढे मी मान हलवत उभा राहीन आणि सुटून येईन, याची वाटली. मला सुटायला फार आवडतं हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दौंडच्या बसमध्ये बसलो.

काष्टीत बाजारापासून वीस मिनिटं चालल्यावर गोठा आला. मुक्ताबाई सत्तरीच्या असाव्यात. एका हातानं म्हशीपुढे वैरण सारत होत्या, पदराचं उजवं टोक कमरेला खोचलेलं. कुट्टीचं यंत्र कुठं दिसलं नाही. मी नगरहून आलो म्हटल्यावर त्यांनी आधी काम विचारलंच नाही. "बसा की दादा, उन्हातानाचं आलाय," म्हणाल्या आणि बाजेवर गोधडी टाकली. आतून चहा घेऊन आल्या. कपबशी त्यांनी एका हातात अशी धरली होती की थेंब सांडला नाही. मी त्यांना डावा कान मिळेल असा सरकून बसलो. चहा गोड होता. तो संपेपर्यंत मी इकडचं तिकडचं बोललो, दुधाचं, उसाचं, आणि मग सांगितलं. खरखर, तीन टोले, राहुरी, शर्ट. सांगून झाल्यावर मी वाट बघत बसलो, शिव्यांची, रडण्याची, मुलांना हाक मारण्याची. उजवा कान त्यांच्याकडे करून बसावं, म्हणजे यातलं काहीच कानावर येणार नाही, असं माझ्या मनात आलं. मानही थोडी वळली होती. मी ती परत आणली.

मुक्ताबाईंनी पुढे होऊन माझ्या हातातला रिकामा कप काढून घेतला.

"त्ये झेंडीगेटचं पोरगं," त्या म्हणाल्या, "दरसाल हितं उन्हात हुबं ऱ्हातंय. तेवीस सालांत म्या त्याला कदी पानी इचारलं न्हाई. आन् तुला आल्या आल्या च्या केला."